आणखी

फाट्यावर बाबाचं पंक्चरचं दुकान.
ज्या दिवशी रस्त्यात खिळे, त्या दिवशी घरात पैसे.
नवं डांबर पडलं तेव्हा
मायनं पहिल्यांदा कॅलेंडर उलटं टांगलं
आणि मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्या.

आलेले. गेलेले. आणखी.

लिहायची मी, कारण माझं अक्षर बरं.
दूध अर्धा लिटर. दळण. रिचार्ज.
सिलिंडर लावला की त्याच्याच अंगावर
खडूनं तारीख;
बेचाळीस दिवस पुरला तर माय त्याला
पाहुण्यासारखी फाटकापर्यंत पोचवायची.
डाळ विकत आणायची नाही.
फेब्रुवारीत देवानंद गावंड्याच्या खळ्यावरून तूर,
घरच्या जात्यावर भरडून
कडुलिंबाचा पाला घालून कोठीत.
जातं ओढताना ती ओव्या नाही म्हणायची,
पाढे म्हणायची.
उधारीची वही दुकानदाराला परत केली:
"घे बाप्पा तुही वही.
आता जेवढे हातात, तेवढंच पिशवीत."
त्या महिन्यात गोड काहीच शिजलं नाही.

खर्ऱ्याचा रकाना मी बाबाच्या समोरच पाडला.
दिवसाच्या तीन पुड्या, गुणिले तीस.
बाबा आकड्याकडे पाहत राहिला,
ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा कुठून येतो ते पाहतो, तसा.
"एवढे?" म्हणाला.
मग दोन झाल्या. कधी पुन्हा तीन.
मेहुण्याच्या लग्नात पाच.
तेही लिहिलं.

उरलेलं टिनाच्या पेटीत. पेटीला कुलूप.
चावी मात्र शेजारच्या कोकिळाबाईकडे,
आणि कोकिळाबाईच्या पेटीची आमच्याकडे,
देवळीत, काडेपेटीच्या मागं.
नियम दोघींनी नळावर केला होता:
चावी पायजे तर कारण सांगायचं,
मोठ्यानं, उंबऱ्याबाहेर उभं राहून.

बाबा एकदा गेला. नवा फोन पाहून आला होता.
"काहून पायजे, भाऊ?"
बाबा म्हणाला, यंदा आभाळाचं काही खरं दिसत नाही.
कोकिळाबाई म्हणाली, हाव, नाहीच दिसत.
परत आला. जेवला. झोपला.

मामीला हसू यायचं,
"सोताच्या पैशाले लोकाचं दार?"
माय म्हणाली,
"घरचं दार मले ढकलता येते ना, म्हणून."

दिवाळीच्या आधी एका रात्री
कोकिळाबाईच आली. हातात बॅटरी, पायात काही नाही.
मायनं कारण विचारलं नाही.
चावी दिली, स्वतःच्या चपला तिच्यापुढे सरकवल्या
आणि अनवाणी तिच्यामागं गेली.
सकाळी विचारलं, कालचे काय लिहू?
न्हाणीतूनच बोलली, "आणखी."

त्या रकान्यात दर बाजाराला दहा रुपये असायचे.
ती सांगायची, मी लिहायची.
दहावीच्या सुट्टीत सगळ्या पानांची बेरीज केली
आणि बाबासमोर मोठ्यानं वाचली. वाचायला नको होती.
माय चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली.
मग सांगितलं.
पिशव्या भरून झाल्या की
एसटी यायच्या आत, स्टँडच्या भिंतीआड
एक आलुबोंडा. तर्री टाकून.
एकटीनं, उभ्याउभ्या.
"तुमच्यासाठी नाही आणला कधी," म्हणाली,
"आणला असता तर वाटून खावा लागला असता."

कुणी हसलं नाही.
बाबानं पेन माझ्या हातून घेतला.
त्याचं अक्षर ट्यूबवरच्या ठिगळासारखं.
'आणखी' त्यानं खोडलं नाही,
शेजारी एक नवी रेघ ओढली, वाकडी,
आणि लिहिलं:
आलुबोंडे, दोन.

दुसरा कुणाचा, ते लिहिलं नाही.